मोबाइलशिवाय घास उतरत नाही आणि शब्दही फुटत नाहीत

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी चिपळूणला एका पतसंस्थेत नोकरी करते. माझा मुलगा आता सव्वादोन वर्षांचा आहे. त्याचे बाबा मस्कतला नोकरीला असतात आणि वर्षातून एकदा महिनाभर येतात. दिवसभर मुलाला सासूबाई सांभाळतात. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्याच्या मागे धावणे त्यांना जमत नाही. तो वर्षाचा झाल्यापासून मोबाइलवर गाणी लावल्याशिवाय एक घासही खात नाही. तीन वेळचे खाणे आणि संध्याकाळी मी स्वयंपाक करते तो वेळ मिळून रोज चार तास तरी मोबाइल होतो. टीव्ही तर घरात चालूच असतो. त्याला इंग्रजी अक्षरे, रंग आणि वीसपर्यंत आकडे म्हणता येतात, त्याचे नातेवाईक कौतुक करतात. पण मराठीत जेमतेम पंधरा-वीस शब्द बोलतो, दोन शब्द जोडत नाही, आणि काही हवे असले तर माझा हात धरून तिथे ओढत नेतो. हाक मारली तर कधी बघतो, कधी नाही. सर्दी वारंवार होते. शेजारच्या एकींनी ‘हा व्हर्च्युअल ऑटिझम असेल’ असे सांगितल्यापासून मला झोप नाही. मिस्टर म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात, बालवाडीत घातला की आपोआप बोलेल. हे मोबाइलमुळे झाले का? मोबाइल बंद केला तर तो जेवणार कसा? शिकवणारे व्हिडिओ तरी चालतील का? रात्री नऊला बाबांशी व्हिडिओ कॉल असतो, तोही थांबवू का?

— एक आई, चिपळूण

उत्तर

सप्रेम नमस्कार ताई,

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत आणि ते सुटे केल्याशिवाय नीट उत्तर देता येणार नाही. मुलाचे बोलणे वयाच्या मानाने मागे आहे का, हा एक प्रश्न; आणि घरातल्या मोबाइल-टीव्हीचे काय करायचे, हा दुसरा. पहिल्यासाठी तज्ज्ञांची तपासणी लागते, दुसऱ्यासाठी घरातल्या सगळ्यांची तयारी. या दोन्ही गोष्टी याच आठवड्यात सुरू करा, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. ‘आधी तीन महिने मोबाइल बंद करून बघू, फरक पडला नाही तर डॉक्टरांकडे जाऊ’ असा विचार अनेक घरांत होतो, आणि ज्या वयात मदतीचा सर्वाधिक उपयोग होतो नेमके तेच महिने त्यात निघून जातात.

तपासणीबद्दल आधी सांगते. साधारणपणे वर्षाच्या सुमारास मूल हव्या त्या वस्तूकडे बोट दाखवू लागते, सोळा महिन्यांपर्यंत एखादा तरी अर्थाचा शब्द बोलते, आणि दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत ‘आई ये’, ‘पाणी दे’ असे दोन शब्द स्वतःहून जोडते. दुसऱ्या वाढदिवसानंतरही असे दोन शब्द जोडले जात नसतील तर वाट न पाहता तपासणी करावी, हा सर्वत्र मान्य असलेला निकष आहे आणि तुमचा मुलगा त्यात बसतो. मुलगे मुलींपेक्षा उशिरा बोलतात हे सरासरीने खरे आहे, पण तो फरक महिन्या-दोन महिन्यांचा असतो. इतक्या अंतराचा खुलासा त्याने होत नाही. दोन वर्षांच्या दर शंभर मुलांमागे साधारण १० ते १५ मुले उशिरा बोलणारी असतात, आणि त्यांतली निम्म्याहून अधिक पुढे आपली आपण बरोबरीला येतात, हेही तुम्हाला सांगितले पाहिजे. अडचण इतकीच आहे की आपले मूल त्या निम्म्यांतले आहे की नाही, हे आधी खात्रीने ओळखता येत नाही. तपासणीत काही निघाले नाही तर एक दिवसाची रजा गेली असे होईल. काही निघाले आणि आपण वर्षभर थांबलो असू, तर ते वर्ष परत आणता येत नाही.

सर्वांत आधी त्याचे कान तपासून घ्या. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचून राहू शकते. त्याने दुखत नाही, ताप येत नाही, पण ऐकू कमी येते आणि तेही कधी कमी, कधी जास्त. अशी मुले टीव्हीवरची जाहिरात लागली की धावत येतात, म्हणून ‘ऐकू तर छान येते’ असे घरच्यांना वाटते. मात्र बोलण्यातले बारीक ध्वनी त्यांच्यापर्यंत नीट पोचत नसतात. त्याच्यासारख्या लहान मुलांसाठी वेदना न होणाऱ्या तपासण्या उपलब्ध आहेत. त्यानंतर बालरोगतज्ज्ञ त्याचा सर्वांगीण विकास तपासतील आणि आवश्यक वाटल्यास स्पीच थेरपिस्टकडे किंवा बालविकासतज्ज्ञांकडे पाठवतील. खर्चाची चिंता असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा लाभ घ्या. २०१३ मध्ये आपल्या पालघर येथूनच सुरू झालेल्या या कार्यक्रमात वैद्यकीय पथके वर्षातून दोनदा अंगणवाड्यांना भेट देऊन मुलांची तपासणी करतात, आणि ज्यांना पुढची मदत लागते त्यांच्यासाठी अनेक जिल्ह्यांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत, जिथे ही सेवा विनामूल्य मिळते. तुमच्या भागातल्या अंगणवाडी सेविकांकडे किंवा शासकीय रुग्णालयात याची चौकशी करा. मुंबईला जाणे शक्य असेल तर वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था बोलणे आणि ऐकणे या विषयांसाठीच आहे.

आता शेजारच्या ताईंनी वापरलेल्या शब्दाबद्दल. ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ नावाचे निदान वैद्यकशास्त्राच्या कोणत्याही मान्य वर्गीकरणात नाही. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, ही मेंदूच्या घडणीतली वेगळी वाट असते. तिची सुरुवात जन्मापूर्वीच होते आणि तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. मोबाइल पाहिल्यामुळे ती होते, असे सिद्ध झालेले नाही. तासन्‌तास पडद्यासमोर राहणारे एखादे मूल नजरेला नजर देईनासे होते, हाकेला ओ देत नाही, आणि पडदा कमी केल्यावर त्याच्यात सुधारणा दिसते, असे अनुभव डॉक्टरांनी नोंदवले आहेत. त्यावरून हा शब्द पसरला. तो धोकादायक आहे असे मला वाटते, कारण त्याचे परिणाम दोन दिशांनी होतात. ज्या मुलाला खरोखर स्वमग्नता आहे त्याची आई ‘मीच हे केले’ म्हणून वर्षानुवर्षे स्वतःला जाळत राहते, आणि तेच मूल ‘मोबाइल बंद केला की बरे होईल’ या आशेवर उपचारांवाचून राहते. बोट दाखवण्याऐवजी हात ओढत नेणे आणि हाकेला कधी प्रतिसाद देणे, कधी न देणे, या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना अवश्य सांगा. पत्रावरून निदान करता येत नाही आणि कोणी करूही नये, म्हणून मी त्यांचा अर्थ लावत नाही. फक्त एक करा: टीव्ही-मोबाइल बंद असताना, तो खेळात असताना, मागून नेहमीच्या आवाजात हाक मारा आणि काय होते ते काही दिवस पाहा. पडदा चालू असताना हाकेकडे दुर्लक्ष करणे हे मोठ्यांकडूनही होते.

मग मोबाइलने काय केले? हा तुमचा पहिला प्रश्न, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर असे की तुमच्या मुलाच्या बाबतीत त्याचा वाटा किती, हे कोणीही मोजून सांगू शकणार नाही. मोठ्या संख्येने मुलांचा पाठपुरावा केलेले अभ्यास मात्र एकाच दिशेने बोट दाखवतात. कॅनडात सुमारे २,४०० मुलांचा दोन ते पाच वर्षांच्या वयात केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन आणि तीन वर्षांच्या वयात ज्यांचा पडद्यासमोरचा वेळ जास्त होता, त्यांची पुढच्या विकास-चाचण्यांतली कामगिरी कमी दिसली. मागे पडणाऱ्या मुलालाच घरचे अधिक मोबाइल देतात की काय, ही शंका योग्य आहे. संशोधकांनी ती तपासली, तेव्हा उलट दिशेचा तसा संबंध त्यांना आढळला नाही. जपानमध्ये सात हजारांहून अधिक मुलांच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एक वर्षाच्या वयात पडदा जितका जास्त तितके दोन आणि चार वर्षांच्या वयात संवादात आणि अडचण सोडवण्याच्या कौशल्यात मागे असण्याचे प्रमाण अधिक, असे दिसले. असे अभ्यास संबंध दाखवतात. एका विशिष्ट मुलाचे कारण सांगत नाहीत. मोबाइल पाहणारी कितीतरी मुले वेळेवर बोलतात, हे तुम्ही आजूबाजूला पाहतच असाल.

तरीही हा संबंध का असावा, ते समजून घेतले की उपायही आपोआप कळतो. लहान मूल भाषा ऐकून शिकते असे आपण म्हणतो, पण नुसते ऐकणे पुरत नाही. २००३ साली अमेरिकेत सिएटल येथे पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर चिनी बोलणारी व्यक्ती प्रत्यक्ष बसून खेळली, पुस्तके दाखवली. इतरांना त्याच व्यक्ती, तेच बोलणे पडद्यावर दाखवले किंवा नुसते ऐकवले. बारा बैठकांनंतर प्रत्यक्ष माणसाबरोबर राहिलेल्या बाळांना चिनी ध्वनींमधला फरक ओळखता येऊ लागला. पडद्यावरून शिकवलेल्या बाळांना काहीही आले नाही, जणू त्यांनी ती भाषा ऐकलीच नव्हती. माणूस बाळाच्या नजरेमागे जातो, ते जिकडे पाहते त्याचे नाव घेतो, त्याच्या ‘अं’ला उत्तर देतो, थांबतो, पुन्हा बोलतो. ही देवाणघेवाण म्हणजे भाषेचे खरे खाद्य. तुमच्या मुलाच्या चार तासांत त्याला पडद्याने काय दिले यापेक्षा त्या चार तासांत ही देवाणघेवाण किती झाली नाही, ते मला अधिक महत्त्वाचे वाटते.

चालू असलेल्या टीव्हीचेही असेच आहे. मूल त्याकडे पाहत नाही म्हणून आपण तो मोजतच नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात लहान मुलांच्या अंगावर दिवसभर ध्वनिमुद्रण यंत्र ठेवले होते. त्यात असे आढळले की टीव्हीचा आवाज कानावर पडणाऱ्या प्रत्येक तासामागे मुलाच्या कानावर मोठ्या माणसांचे सुमारे ७७० शब्द कमी पडतात. मोठी माणसेच गप्प होतात. म्हणून मालिकांची वेळ ठरवून ठेवा, आणि ती शक्यतो तो झोपलेला असतानाची निवडा. एरवी टीव्ही बंद. मला वाटते, संपूर्ण बदलात सर्वांत सोपी आणि लगेच जमणारी गोष्ट हीच आहे.

शिकवणाऱ्या व्हिडिओंबद्दल तुम्ही विचारले आहे. तो इंग्रजी अक्षरे आणि आकडे म्हणतो याचे कौतुक वाटणे साहजिक आहे, आणि त्याची स्मरणशक्ती चांगली आहे हे त्यातून कळतेही. पण आकडे म्हणणे आणि ‘मला अजून एक दे’ असे सांगता येणे, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात समोर कोणी नसले तरी चालते. बोलणे म्हणजे आपल्या मनातले दुसऱ्याच्या मनात पोचवणे, आणि ते या वयात माणसाकडूनच शिकता येते. बाळांना शब्द शिकवण्याचा दावा करणाऱ्या एका लोकप्रिय चित्रफितीची अमेरिकेत २०१० साली चाचणी झाली: १२ ते १८ महिन्यांच्या मुलांनी महिनाभर ती पाहूनही, न पाहणाऱ्या मुलांपेक्षा अधिक शब्द शिकले नाहीत, सर्वाधिक शब्द शिकली ती मुले ज्यांना आईवडिलांनी कोणतीही चित्रफीत न लावता रोजच्या व्यवहारात शिकवले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालच्या मुलांसाठी पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसातून जास्तीत जास्त एक तास, तोही जितका कमी तितका चांगला. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा सल्लाही जवळपास हाच आहे. तुमच्या मुलाचे बोलणे मागे आहे असे दिसत असताना मी तुम्हाला तो एक तासही सध्या वापरू नका असे सांगेन. बोलणे रुळल्यावर, कोणीतरी शेजारी बसून, संथ गतीचे काही पाहायचे असेल तर पाहता येईल.

आता जेवणाकडे येते, कारण तुमच्या घरातली खरी अडचण तिथेच आहे. पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्माच्या सुमारे तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात ते अवघे दोन-अडीच किलोंनी वाढते. वाढ मंदावली की भूकही मंदावते. मूल वर्षाचे झाले की ‘आता पहिल्यासारखे खात नाही’ ही तक्रार म्हणूनच घरोघरी ऐकू येते, आणि नेमक्या त्याच वेळी मोबाइल ताटाजवळ येतो. तुमच्याकडेही तो वर्षाचा झाल्यावरच आला. पडद्यात गुंतलेले मूल तोंड उघडते, घास गिळते. पण पोट भरल्याचे, चव आल्याचे, चावायचे भान त्याला राहत नाही. वाटी रिकामी होते, आणि स्वतःची भूक ओळखून खाणे तो शिकत नाही. त्यातच घरात दिवसातून तीन वेळा माणसे समोरासमोर बसण्याची जी हक्काची संधी असते, तीही हातची जाते. आपल्याकडे चिऊचा घास, काऊचा घास म्हणत भरवण्याची रीत होती. त्यात मूल आणि भरवणारी व्यक्ती एकाच खिडकीतून एकच कावळा पाहत असत, त्याबद्दल बोलत असत. भाषेच्या दृष्टीने इतका चांगला धडा मला दुसरा सांगता येणार नाही.

मोबाइल जेवणातून काढताना हळूहळू कमी करत जाण्याचा मार्ग या वयात बहुधा फसतो, कारण ‘आज दहा मिनिटे, उद्या पाच’ हे सव्वादोन वर्षांच्या मुलाला समजत नाही. त्याला एवढेच समजते की जोरात रडले की मिळतो. म्हणून तुमच्या सलग दोन-तीन सुट्ट्या येतील असा काळ निवडा आणि त्या दिवसापासून जेवताना मोबाइल दिसेनासा करा, तुमचाही. आदल्या काही दिवसांत खाण्याच्या वेळा ठरवून घ्या. दोन खाण्यांमध्ये अडीच-तीन तासांचे अंतर असू द्या आणि त्या दरम्यान बिस्किटे, फरसाण, चहात बुडवलेले टोस्ट, वाटीभर दूध असे काहीही नको. दिवसाचे एकूण दूध अर्ध्या लिटरच्या आत ठेवा. पुष्कळ मुले दुधावरच पोट भरतात आणि मग जेवत नाहीत. त्याला तुमच्या पंगतीत बसवा, त्याच्या ताटात थोडा मऊ भात, वरण, भाजी वाढा आणि त्याच्या हाताने खाऊ द्या. सांडेल, अंगभर माखेल, ते चालू द्या. काय आणि केव्हा वाढायचे हे तुमच्या हातात. किती खायचे हे त्याच्या. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट शांतपणे उचला, रागवू नका, मागे धावू नका, आणि पुढच्या वेळेपर्यंत पाण्याखेरीज काही देऊ नका.

पहिले काही दिवस तो रडेल, ताट ढकलेल, एखादे जेवण पूर्ण सोडेलही. एरवी निरोगी असलेले मूल भूक लागल्यावर खाते, यावर विश्वास ठेवावा लागतो, आणि हा विश्वास ठेवणे आजीला आईपेक्षा अवघड जाते, हे मला माहीत आहे. मात्र तपासणीच्या वेळी त्याचे वजन, उंची आणि हिमोग्लोबिन पाहून घ्या. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. लोहाच्या कमतरतेने भूक मरते, चिडचिड वाढते आणि मेंदूच्या विकासावरही परिणाम होतो. तशी कमतरता असेल तर जेवणाची लढाई औषधाशिवाय जिंकता येणार नाही. वजन कमी भरले किंवा घास गिळताना तो सतत ठसकत, ओकत असेल, तर मी सांगितलेला मार्ग डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

सासूबाईंशी हे कसे बोलायचे, यावर बरेच काही अवलंबून आहे. त्यांनी गुडघेदुखी सोसून रोज आठ-नऊ तास एक अखंड पळणारे मूल सांभाळले आहे, म्हणून तुमची नोकरी चालली आहे. ‘तुमच्या मोबाइलमुळे हा बोलत नाही’ हे वाक्य घरात उच्चारले गेले तर नुसते मन दुखावणार नाही, तुमची सर्वांत मोठी मदत गप्प होईल. शक्य असेल तर डॉक्टरांकडे त्यांना बरोबर न्या, म्हणजे सूचना सुनेकडून न येता डॉक्टरांकडून येतील. आणि मोबाइल काढून घेताना त्यांच्या हाती दुसरे काय देणार, याचा आधी विचार करा. बसून करायची कामे शोधा: मेथी-कोथिंबीर निवडणे, कांदे-बटाटे वेगळे करणे, स्टीलच्या डब्यांना झाकणे लावणे, वाळलेल्या कपड्यांतून ‘हे बाबांचे, हे आजीचे’ असे निवडणे, तुळशीला पाणी घालणे. (शेंगदाणे, मटार, चणे, गोट्या मात्र हाताशी नकोत, या वयात ते श्वासनलिकेत अडकतात.) शेजारची एखादी शाळकरी मुलगी दुपारी तासभर येऊन त्याला अंगणात खेळवणार असेल तर तिला काही मोबदला देऊन बोलवा; तो पैसा सत्कारणी लागेल. या वयाच्या मुलाची दिवसातून किमान तीन तास हालचाल व्हावी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि ती आजीच्या गुडघ्यांवर लादणे योग्य नाही.

सासूबाई घरात संगमेश्वरी बोलत असतील तर त्यांना तसेच बोलू द्या. बोलणे उशिरा आले की घरात प्रमाण भाषा किंवा इंग्रजीच बोलायची असा सल्ला काही जण देतात. त्याला आधार नाही. एकापेक्षा अधिक भाषा किंवा बोली कानावर पडल्याने बोलणे खोळंबत नाही. ज्या बोलीत आजीला गोष्ट सांगता येते, लाड करता येतात, रागे भरता येते, त्या बोलीतच ती मुलाशी सर्वाधिक बोलेल, आणि आपल्याला तेच हवे आहे.

तुम्ही संध्याकाळी थकून येता, आणि स्वयंपाक समोर असतो. तेव्हा मुलाला मोबाइल देण्यात तुमचा काही गुन्हा नाही. ती गरजेतून लागलेली सवय आहे. आल्यावर पहिली वीस मिनिटे स्वयंपाकघरात न जाता त्याच्याजवळ जमिनीवर बसून पाहा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, कारण २०१७ च्या एका प्रयोगात असे दिसले की आई दोन वर्षांच्या मुलाला नवा शब्द शिकवत असताना मध्येच फोन आला तर मूल तो शब्द शिकत नाही, फोन न आल्यास शिकते. शिकवण्याचा एकूण वेळ दोन्हींत सारखाच होता. त्या वीस मिनिटांत तुम्ही शिकवू नका, ‘हे काय आहे? बोल, बोल ना’ असे विचारूही नका. तो जे करतो आहे त्याबद्दल छोट्या वाक्यांत बोला. तो ‘गाडी’ म्हणाला तर ‘लाल गाडी’, ‘गाडी पडली’ असे एक शब्द वाढवून परत द्या. मग थांबा. हे थांबणे सर्वांत कठीण असते, कारण आपल्याला लगेच पुढचे वाक्य सुचते. पण त्याला उत्तर जुळवायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आवडीची वस्तू घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात ठेवा, म्हणजे ती उघडून घेण्यासाठी त्याला तुमच्याकडे पाहावे लागेल, काहीतरी सांगावे लागेल. त्याने डबा पुढे केला, आवाज काढला, बोट दाखवले, तरी तो संवाद समजून लगेच प्रतिसाद द्या. त्यानंतर तुम्ही स्वयंपाक करताना तो ओट्याजवळ वाट्या-चमचे घेऊन बसेल. पहिले काही दिवस बसणार नाही, तेव्हा कुकर लावण्यापुरता साधा स्वयंपाक करा.

व्हिडिओ कॉल थांबवू नका. बाबा पडद्यावर दिसत असले तरी ते त्याच्या हसण्याला हसतात, त्याच्या शब्दाला उत्तर देतात, आणि हा फरक लहान मुलांना कळतो. अडीच वर्षांच्या आतल्या मुलांवर २०१४ मध्ये अमेरिकेत झालेल्या प्रयोगात, व्हिडिओ कॉलवर समोरासमोर बोलणाऱ्या व्यक्तीकडून मुले नवी क्रियापदे शिकली. तेच बोलणे आधी चित्रित करून दाखवले तेव्हा शिकली नाहीत. आपल्या बालरोगतज्ज्ञ संघटनेनेही दोन वर्षांखालच्या मुलांसाठी नातेवाइकांशी होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा अपवाद केला आहे. वेळ तेवढी बदला. रात्री नऊला उजळलेला पडदा आणि बाबांना पाहून झालेली खुशी यांनी झोप लांबते, आणि या वयात दुपारच्या झोपेसह ११ ते १४ तासांची झोप हवी. मस्कत आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे; आपल्या आठला तिथे साडेसहा वाजतात, तेव्हा जमत असेल तर जेवणाआधी आठला बोला, आणि शुक्रवार-शनिवारी त्यांना सुट्टी असेल तर दुपारी सावकाश. मोबाइल त्याच्या हातात न देता तुम्ही धरा, बाबांनी ‘कसा आहेस?’ एवढ्यावर न थांबता हातात वाटी-चमचा घेऊन त्याच्याबरोबर खेळ करावा, लपून ‘भो’ करावे, त्याने दाखवलेल्या वस्तूचे नाव घ्यावे. कॉल संपला की फोन लगेच नजरेआड ठेवा, म्हणजे त्यामागून गाण्यांची मागणी येणार नाही.

तुमच्या मिस्टरांनी सुचवलेली बालवाडी वाईट नाही. इतर मुलांत राहणे त्याला आवडेलही. पण वीस मुलांच्या वर्गात न बोलणारे मूल बऱ्याचदा कोपऱ्यात शांत बसते आणि ‘त्रास देत नाही’ म्हणून त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. बालवाडी हा तपासणीला पर्याय नाही. प्रवेश घेण्याआधी तिथे मुलांना टीव्ही किंवा स्मार्ट बोर्डवर गाणी लावून बसवतात का, ते प्रत्यक्ष जाऊन पाहा. तसे असेल तर घराजवळची अंगणवाडी अधिक बरी.

तपासणीला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. तो सध्या बोलतो ते सगळे शब्द एका कागदावर लिहा आणि त्यांतले कोणते तो स्वतःहून, अर्थ समजून वापरतो त्यांवर खूण करा. सर्दी, कानदुखी कधी-कधी झाली, जन्माच्या वेळी काही अडचण आली होती का, घरात कोणी उशिरा बोलले होते का, पूर्वी येणारे शब्द तो विसरला आहे का, हेही लिहा. शेवटची गोष्ट होकारार्थी असेल तर भेटीची तारीख लांबवू नका. अनोळखी दवाखान्यात मुले बावरतात आणि घरात असतात तशी वागत नाहीत, म्हणून तो खेळताना, जेवताना आणि तुम्ही मागून हाक मारता तेव्हाचे दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ तुमच्या फोनमध्ये काढून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.